वरच्या जुड्या

हमदान सर दारातच म्हणाले, "या मॅडम," आणि आपण उगाच आलो असे तेजस्विनीला वाटले. डिंगोऱ्याहून एसटीने जुन्नरला येऊन ती सरांच्या याच दोन खोल्यांच्या क्लासात प्रोग्रामिंग शिकली होती. पुण्यात प्रोग्राम तपासायची नोकरी लागल्यावरही सरांच्या तोंडी ती 'तेजू'च होती.

यंदा सरांनी जुन्नर-आंबेगावातल्या मुलांसाठी प्रोग्रामिंगची स्पर्धा ठरवली होती. इंग्रजीला बिचकणारी मुले पुढे यावीत म्हणून प्रश्न मराठीत, स्वतः रचलेले. ते शिक्षकांच्या ग्रुपवर टाकून त्यांनी अभिमानाने लिहिले होते, "आमची तेजू तपासणार. तिचं कामच हे आहे."

पहिला प्रश्न कोथिंबिरीचा होता. गाडीत इतक्या जुड्या, तर शेकडे किती भरतील? सरांचे उत्तर शंभराने भागून येणाऱ्या उत्तरापेक्षा कमी होते. चूक कुठे झाली हे तेजस्विनीला लगेच उमगले. तिचे वडील भगवंतराव लिलावात शेकडा मोजताना व्यापाऱ्यासाठी चार जुड्या वर टाकत. सरांनी त्या हिशेबात धरल्या होत्या, पण प्रश्नात लिहिल्या नव्हत्या. इथे ते कुणाला सांगावे लागते? मात्र डोंगरातल्या आहुप्याच्या मुलांनी कोथिंबिरीचा लिलाव कुठे पाहिला असणार? त्यांचे बरोबर उत्तर चूक ठरले असते. पुढच्या प्रश्नांतही असेच काही ना काही लिहायचे राहिले होते.

एक फोन पुरला असता. पण तिने ऑफिसात लिहायची तसे ग्रुपवरच लिहिले: "प्रश्न सदोष आहेत. उत्तर मजकुराशी जुळत नाही. गृहीतके दिलेली नाहीत. स्पर्धेत वापरू नयेत." त्यातला शब्दन् शब्द खरा होता. खाली कुणीतरी टाकले, "हमदानभाऊ, आता तुमीच क्लास लावा राव!" त्यावर हसणारे चेहरे आले. सरांनी फक्त हात जोडल्याचे चित्र टाकले.

आज स्पर्धेचा दिवस होता. तिने प्रश्नपत्रिका उचलली. सगळे प्रश्न इंग्रजीत, एका मोठ्या वेबसाइटवरून घेतलेले.

"सर, कोथिंबिरीचा प्रश्न?"

"काढला."

"अहो, एक वाक्य घातलं असतं तरी..."

"वापरू नये, असं लिहिलं व्हतं ना तुमी? नाय वापरला." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

मागच्या बाकावरून आहुप्याच्या रत्नाने हात वर केला. "ताई, इंग्रजी लावलं कसंतरी. पण हितं घोड्याच्या चालीनं जायचं, एवढंच लिवलंय. घोडा चालतो कसा, ते न्हाई. मी घोडा बघितला तो वरातीत!"

मुले हसली. तेजस्विनीने प्रश्न पुन्हा वाचला. बुद्धिबळातला घोडा कसा चालतो, हे खरेच कुठे लिहिलेले नव्हते. ज्याने प्रश्न रचला, त्याच्या गावात ते सांगावे लागत नसेल. सरांनी वेबसाइटवरचे काही प्रश्न नंतर ग्रुपवर टाकले होते, त्यांत हाही होता; तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता, तिनेही नाही.

ती सरांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "सर, यातही वरच्या जुड्या लिहायच्या राहिल्यात."

"एवढ्या मोठ्या वेबसाइटचा प्रश्न, मॅडम. तो कसा चुकंल?"

"चुकलाय, सर. पुढच्या वर्षी तुमचेच प्रश्न ठेवा. मी येते, आपण बसून नीट करू."

"पुढल्या वर्षाचं पुढं बघू." त्यांनी तिच्या हातात खडू दिला. "आत्ता घोडा तेवढा समजावून सांगा."

तिने फळ्यावर चौकोन आखायला घेतले. ती शिकत असताना रेघ वाकडी गेली की सर मागून ओरडत, "तेजू, पट्टी घे!" तिची रेघ वाकडी गेली. मागून कुणी काही बोलले नाही.