आकडा कमी आला म्हणून कंदुरी

येडबाची लघवी अडायला लागली, तेव्हा केवळाबाईनं शेळ्या जावेच्या हवाली केल्या आणि नवऱ्याला सेलूला व्यंकटराव डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी बोटानं तपासलं, तर प्रोस्टेटची गाठ टणक लागली. कॅन्सरची शंका आहे म्हणाले. मग दारू पिता का, असं विचारलं. येडबा आढ्याकडं बघत राहिला. परक्यापुढं नवऱ्याची अब्रू कशाला काढायची, म्हणून केवळाबाईच बोलली.

"माळकऱ्यावानी हायेत."

गाठीच्या तपासणीसाठी रक्त मुंबईला गेलं. इकडं केवळाबाई पीराला नवसाचा बोकड बोलली. बारा दिवसांनी कंपाउंडरनं सांगितलं, की आकडा चाराच्या आत असला की बरं, यांचा दीड आलाय. डॉक्टर परगावी गेले होते आणि बाईला वाट बघायचा दम नव्हता. गुरुवारी बोकड कापून कंदुरी झाली, गाव जेवायला आलं. उपकार विसरू नयेत म्हणून डॉक्टरांनाही निरोप धाडला, आणि बिचारे आले.

येडबा दुपारपासूनच झोकून बसला होता. वीस वर्षांत गड्याचा एक दिवस चुकला नाही, असं भावकी डॉक्टरांना कौतुकानं सांगत होती. डॉक्टरांनी त्याला उन्हात उभं करून डोळे बघितले, पोट दाबलं आणि केवळाबाईला बाजूला बोलावलं. येडबाच्या ताटात मानाची कलेजी वाढली होती. तिच्याकडं बोट करून ते म्हणाले, की माणसाची ही दारूनं बिघडली की अंगातला पुरुषी रस कमी पडतो, आणि रक्तातला तो आकडा त्या रसावरच वाढतो. म्हणजे दीडावर भरवसा नाही. गाठ होती तिथंच आहे.

"मग कंदुरी?" केवळाबाईनं विचारलं.

"जेवण झकास होतं," डॉक्टर म्हणाले. "उद्या औरंगाबादला न्या. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय काही खरं नाही."

आपल्याच तोंडच्या एका शब्दानं आपण नवऱ्याला घालवायला निघालो होतो, हे केवळाबाईला कळलं. तरी ती पंगतीला वाढायला गेली, कारण निम्मं गाव अजून उपाशी होतं.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि पहिल्यांदा दारूचंच विचारलं. येडबा छताकडं बघायला लागला.

"लय पितात," केवळाबाई म्हणाली. "वीस वर्सं झाली, रोज. अन् सेलूला मी खोटं बोलले व्हते, ते बी लिवा."