लुपेताईला काहीही झालेलं नाही

मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर व्हिटकॉम्ब यांनी अखेर लेखी कळवलं, की माझी थोरली बहीण लुपेसीना हिला काहीही झालेलं नाही. आनंदाची बातमी. घरात फक्त एकच माणूस रडलं, आणि ते म्हणजे लुपेसीना.

पण असं पत्र आलंच नाही असं आपण धरून चालू. आमच्या घरानं तसंच धरलंय.

तर लुपेताईला ऑपरेशन करून घ्यायचं होतं. ती जन्माला आली मुलगा म्हणून आणि चालायला लागली मुलगी म्हणून. आम्हा सामोअन लोकांत अशांना फाआफाफिने म्हणतात, आणि म्हणून झालं की जेवायला बसतात. पण आम्ही राहतो ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, लोगनमध्ये. इथे सर्जनला पत्र लागतं. मानसोपचारतज्ज्ञ लिहून देईल की ही बाई अमुक निदानात बसते, तरच सर्जन सुरी हातात धरणार, नाहीतर नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी ताईला निदान समजावून सांगितलं. “हे बघा, तुम्ही स्वतःला बाई समजता हा काही आजार नाही. आम्ही आता तसं मानत नाही.”

“उपकार झाले,” ताई म्हणाली.

“मन एक सांगतं आणि शरीर दुसरं, याचा तुम्हाला जो त्रास होतो, त्याला आम्ही निदान म्हणतो. होतो ना त्रास?”

म्हणजे चप्पल उलटी घातली तर कुणाचं काही म्हणणं नाही. मात्र ती चावायला हवी, आणि चावल्याचा वळ दाखवायला हवा.

ताईनं वळ दाखवला. आंघोळीला बाथरूमचा दिवा बंद करते, म्हणाली. चौदाव्या वर्षी आवाज फुटला तेव्हापासून चर्चमध्ये गायलेली नाही, म्हणाली. आणि हे सांगताना ती खो खो हसली, कारण लाजेची गोष्ट सांगताना आमच्यात हसतात. रडलं तर समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. डॉक्टरांनी लिहिलं: ‘रुग्ण प्रसन्न.’ मग म्हणाले, लहानपणापासून ओळखणारं घरचं एखादं माणूस पुढच्या वेळी घेऊन या.

एखादं माणूस! हे सामोअन बाईला सांगितलं.

“मी एकटीच जाऊ तिच्याबरोबर?” आई म्हणाली. “मी काय अनाथ आहे? डॉक्टरला काय वाटेल, या पोरीला कुणीच नाही?”

दोन व्हॅन भरून आम्ही गेलो. आई, मावश्या, चुलतभाऊ, चर्चच्या दोन म्हाताऱ्या आणि तुइलोमा मामा. मामा आमच्या घराण्याचा प्रमुख, म्हणून हातात काठी आणि खांद्यावर नारळाच्या काथ्याची चवरी. मागून डुकराच्या मटणाचं आणि तारोच्या उकडलेल्या कंदांचं ताट. वेटिंग रूममधला एक खिन्न माणूस आम्हाला बघून उठून गेला. बहुतेक बरा झाला असावा.

डॉक्टरांच्या खोलीत मावतील तेवढे आत घुसले, उरलेले दारात. मामानं काठी टेकून भाषण सुरू केलं. आधी देवाचे आभार, मग डॉक्टरांच्या पूर्वजांचे. पूर्वज कोण हे माहीत नव्हतं, तरी मामानं त्यांना तीन बेटं जिंकून दिली. मग बारीक विणीची चटई उलगडून डॉक्टरांच्या पायाशी ठेवली. ही आम्ही लग्नाला देतो, नाहीतर मयताला. डॉक्टर म्हणाले, नियमाप्रमाणे भेटवस्तू घेता येत नाही. मावश्यांनी असा श्वास आत ओढला की पडदे हलले.

“असू दे,” मामा म्हणाला. “लहान आहे अजून.”

डॉक्टर साठीचे होते. त्यांनी घाईनं विचारलं, “लुपेसीना लहानपणी बाहुल्यांशी खेळायची का?”

“बाहुल्या कशाला?” आई म्हणाली. “पाठची पाच पोरं होती. त्यांनाच आंघोळ घालायची.”

“तिला कुणी त्रास दिला?”

“नाव सांगा,” चुलतभाऊ दारातून म्हणाला. “व्हॅन खालीच आहे.”

“तसं नव्हे. ती घरात दुःखी असायची का?”

झालं. परक्या माणसानं भरल्या घरासमोर विचारलं, की तुमचं लेकरू दुःखी आहे का. याला आमच्यात एकच उत्तर असतं.

“दुःखी?” आईचा आवाज चढला. “माझी पोर? एक दिवस उपाशी निजली नाही. दर रविवारी पहिल्या रांगेत, वरच्या पट्टीतल्या बायकांत उभी राहून गाते. तुइलोमा, ऐकवा यांना!”

मामानं काठी आपटली आणि आम्ही चार आवाजांत स्तोत्र धरलं. सामोअन माणसाला कुठेही उभं करा, त्याचा आवाज वाटून दिलेला असतो. मी खर्जात, ताईच्या पाठीमागे, चर्चमधल्यासारखाच. ताईचे ओठ अगदी शब्दाशब्दाला हलत होते, मान डोलत होती. आवाज नव्हता. इतकी वर्षं नाहीये. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि लिहिलं: ‘समाजात समरस. आनंदानं गाते.’

“मी गात नव्हते,” ताई म्हणाली.

सगळे हसले. विनोदी आहेच ती.

मग ताईनं एकटीनं पहिली ओळ म्हटली, तिच्या खऱ्या आवाजात. टेबलावरचा ग्लास थरथरला. माझ्याहून दोन स्वर खाली. ओळ संपली तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“सर्दी झालीय तिला,” आई म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं: ‘सर्दी.’ आणि वेळ संपली.

येताना व्हॅनमध्ये ताटातलं डुक्कर संपलं. ताई जेवली नाही. आईनं दोनदा तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोन्ही वेळा खोकल्याचं औषध काढलं. तेव्हापासून चर्चमध्ये आई ताईच्या शेजारी उभी राहते आणि थोडं मोठ्यानं गाते, दोघींपुरतं.

पत्र आलंच नाही, हे ठरलेलंच आहे. तरी खबरदारी म्हणून खालील अर्ज पाठवत आहे.

प्रति, डॉक्टर व्हिटकॉम्ब. विषय: दुःखाची प्रत्यक्ष पाहणी करण्याबाबत. महोदय, येत्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी आपण आमच्या बायका चर्चला घालतात तशी पांढरी टोपी घालून, स्त्रियांच्या पहिल्या रांगेत, अर्जदाराच्या बहिणीच्या डाव्या अंगाला उभे राहावे, तिकडून येणारी शांतता संपूर्ण स्तोत्रभर ऐकून घ्यावी, आणि तिची नोंद त्रास या सदराखाली करावी, ही नम्र विनंती.