करंगळीखालचं बटण

बेकर्सफील्डमध्ये गिटार वाजवणाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता. धुळीच्या वादळांनी हाकलून लावलेली ओक्लाहोमाची माणसं मोडक्या गाड्यांतून इकडे आली, तेव्हा भांडीकुंडी मागे राहिली पण गिटारी सुटल्या नाहीत. त्यांची पोरं दिवसा कापसात नाहीतर तेलाच्या विहिरींवर राबायची आणि शनिवारी कुठल्या ना कुठल्या बारमध्ये वाजवायची. तरी 'क्लोव्हर लीफ' बारमध्ये लॉनी प्रूइटच्या गाण्यामागे डेल्मर टॅकेट जे वाजवायचा, ते गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. त्याची गिटार रडायची. लॉनीने बायको सोडून गेल्याचं गाणं धरलं की मागून डेल्मरची तार असा काही हुंदका द्यायची, की विहिरींवरचे दांडगे गडी नाचायचे थांबून आपापल्या बिअरमध्ये बघत बसायचे. लॉनी स्वतः बरा गायचा, एवढंच.

यात जादू नव्हती, खटपट होती. तार छेडताना आवाज पूर्ण बंद ठेवायचा आणि छेडून झाल्यावर करंगळीने बटण फिरवत तो हळूहळू उघडायचा. छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही, नुसता सूर कुठून तरी वर येतो. पण विजेच्या गिटारीवर आवाजाचं बटण असतं सुराचा पोत बदलायच्या खटक्याच्या मागे. वाजवता वाजवता करंगळी तिथवर पोचायची नाही, आणि पोचली तर मधला खटका आडवा यायचा. डेल्मर तेलकंपनीत पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा, त्यामुळे तारा जोडणं आणि डाख देणं हा त्याच्या रोजच्या हातचा मळ. एका रविवारी त्याने बटणांची अख्खी पट्टी उचकटली, उलटी फिरवून बसवली, आतल्या तारा बदलल्या आणि आवाजाचं बटण पुढे करंगळीखाली आणलं. ते जड फिरायचं, म्हणून उघडून आतलं घट्ट ग्रीस पुसून काढलं आणि शिलाई मशीनचं पातळ तेल सोडलं. मूळचं बटण गुळगुळीत होतं. त्याच्या जागी सासूच्या बंद पडलेल्या रेडिओचं मोठं काळं बटण लावून त्यावर कानशीने खाचा पाडल्या, म्हणजे घामानेही बोट घसरू नये. बायको ओलेटा म्हणाली, "आईच्या रेडिओला गाता येत नव्हतं, निदान त्याचं बटण तरी गाऊ दे."

लॉनी आणि डेल्मर कापूस वेचणाऱ्यांच्या एकाच छावणीत वाढलेले. लॉनी त्यांच्या घरी जेवणाच्या वेळेलाच यायचा, तसा एका संध्याकाळीही आला. ओलेटाने बीन्स वाढले, कॉर्नब्रेड पुढे सरकवला.

"झालं बाबा एकदाचं," लॉनी म्हणाला. "हॉलिवूडची कंपनी माझी रेकॉर्ड काढतेय. त्याच गाण्याची."

"तुझी की तुमची?" ओलेटाने विचारलं.

लॉनीने तुकडा बीन्समध्ये बुडवला आणि बुडवूनच ठेवला. "तेच सांगायला आलोय, वहिनी. त्यांचे पगारी वाजवणारे असतात. कागद समोर ठेवला की बघून वाजवतात. बाहेरचा माणूस ते घेतच नाहीत. मी भांडलो, देवाशपथ भांडलो."

"किती वेळ?"

"वहिनी, तुम्ही पण ना." तो डेल्मरकडे वळला. "पण तो रडका आवाज त्यांना पाहिजेच आहे. त्यांच्या गिटारीतून तो निघत नाही. म्हणून म्हटलं, तुझी गिटार तेवढी दोन दिवस दिलीस तर..."

"ने ना," ओलेटा म्हणाली. "आणि जाताना याचा उजवा हातही कापून ने. तो घरी ठेवून मी काय लोणचं घालू?"

डेल्मर खाली बघून खात राहिला. त्याला राग आला नव्हता असं नाही. पण रागाच्या आधी त्याच्या डोक्यात एक विचार येऊन बसला आणि त्याने जागा सोडली नाही. ही गिटार त्याच्या हाताच्या मापाची होती, दुसऱ्याला ती झेपणार नव्हती. तिथे गेल्यावर त्यांना आपोआप कळेल. मग ते काय करतील? जो वाजवतो त्यालाच बसवतील. एकदा रेकॉर्डवर नाव आलं की पंपांच्या मोटारींना कायमचा रामराम. विहिरीवरचा वास अंगातून जाता जात नाही, ओलेटा उशीचे अभ्रे वेगळे धुते, हे सगळं संपेल.

"नुसती गिटार नाही देणार," तो म्हणाला. "मी घेऊन येतो."

"ये की," लॉनी म्हणाला. एवढ्यावर सुटलो म्हणून त्याचा चेहरा लगेच फुलला, आणि त्याने आणखी बीन्स मागितले.

हॉलिवूडच्या स्टुडिओत सगळे गळ्यात टाय बांधून आले होते. रेकॉर्ड काढणारे हॅस्किन्स साहेब काचेमागे बसायचे. गिटारवाला होता मिल्टन केसलर, चष्मा लावणारा, दातांच्या डॉक्टरसारखा स्वच्छ हातांचा माणूस. त्याने डेल्मरची गिटार दोन्ही हातांनी अदबीने घेतली. डेल्मरला काचेमागे भिंतीशी एक खुर्ची मिळाली.

आणि झालं अगदी त्याच्या मनासारखं. केसलर मोकळ्या हाताने, मनगट हवेत ठेवून वाजवणारा. त्याच्या बोटांची पेरं त्या मोठ्या बटणावर आपटायची आणि ऐन ओळीत आवाज गपकन बसायचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लॉनी गाता गाता अडखळायला लागला. डेल्मर मनातल्या मनात नाचत होता. तोंडावर मात्र त्याने देवळातला भाव ठेवला होता.

शेवटी हॅस्किन्स साहेबांनी मशीन थांबवलं. "ही गिटार बिघडवली कुणी? पट्टी उलटी, बटण रेडिओचं. निव्वळ गावठी काम. मिल्टन, ठेवा ती बाजूला, तुमचीच घ्या. रडणं गेलं खड्ड्यात, तिथे व्हायोलिन घालू."

आता डेल्मरने फक्त गप्प बसायचं होतं. बस्स, एवढंच. मूग गिळून त्या खुर्चीवर बसून राहिला असता तर लॉनीची रेकॉर्ड व्हायोलिन लावून निघाली असती आणि कुणाच्या लक्षातही न येता बुडाली असती. रडणं 'क्लोव्हर लीफ'मध्येच राहिलं असतं, ज्याचं त्याच्याकडे. पण 'गावठी' या शब्दाने त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माणसाला नोकरीवरून काढलेलं सोसतं, हाताच्या कामाला नाव ठेवलेलं सोसत नाही.

तो उठला, दार ढकलून आत गेला. "बिघडवलेली नाही," तो म्हणाला. "धरायची कशी ते माहीत पाहिजे."

त्याने पट्टा गळ्यात अडकवला आणि गाण्याचं पहिलं कडवं वाजवलं. लॉनीला राहवलं नाही, त्याने गायला सुरुवात केली. कडवं संपलं तेव्हा ड्रमवाला सिगारेट पेटवायची विसरला होता. लॉनीचे डोळे भरून आले होते, आणि ते अश्रू खरे होते, हे डेल्मरला नंतरही कधी नाकारता आलं नाही.

काचेमागून हॅस्किन्स साहेबांचा आवाज आला. "हेच. हेच हवंय मला."

डेल्मर उभा राहिला. आता पुढचं वाक्य यायचं होतं. गेली कित्येक वर्षं पंपाखाली आडवं पडून त्याने ते वाक्य मनातल्या मनात ऐकलं होतं.

"मिल्टन, लक्षात आलं ना?"

"बरंचसं," केसलर म्हणाला. तो जवळ आला आणि अगदी नम्रपणे विचारू लागला. "मनगट तुम्ही तारा टेकतात त्या पुलाच्या मागच्या कडेवर टेकवता, हो ना? आणि करंगळी आधी आकड्यासारखी वाकवून ठेवता? खाचांचं टोक नखाला लागतं की बोटाला?"

वाईट याचं, की प्रश्न चांगले होते. इतक्या वर्षांत इतकं नेमकं त्याला कुणी विचारलं नव्हतं. बँडमधले म्हणायचे, 'डेल्मर, आज रडवलंस,' आणि बिअर आणायला जायचे. ओलेटाला सूर कळायचा, बटण नाही. इथे एक शिकलेला माणूस त्याच्या करंगळीकडे डोळे बारीक करून बघत होता, आणि डेल्मर वितळला. त्याने सगळं सांगितलं. मनगट कुठे, बोट केव्हा उचलायचं, ग्रीस का पुसलं, तेल कुठलं, कानस कशी धरली. आपल्याच पायावर पाडायचा धोंडा तो दोन्ही हातांनी, हसतमुखाने उचलत होता. लॉनी कोपऱ्यात उभा राहून आपल्या बुटांकडे बघत होता. "पुरे" असा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

जेवणाच्या सुट्टीच्या आत केसलरला ते जमलं.

"फार छान," हॅस्किन्स साहेब डेल्मरला म्हणाले. "उपयोग झाला तुमचा. आता जरा बाहेर थांबता का? त्या खुर्चीचा करकर आवाज येतो."

रेकॉर्ड निघाली आणि देशभर वाजली. लॉनी हॉलिवूडला राहायला गेला, नाताळला त्याने डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा पाठवला, तो ओलेटाने शेजारच्या कुत्र्याला घातला. रेकॉर्ड घरात आणायची नाही आणि रेडिओवर लागली तर रेडिओ बंद करायचा, असा तिने नियमच केला. पण गाव बंद करता येत नाही. न्हाव्याकडे ती वाजायची, पेट्रोल पंपावर वाजायची. तेलकंपनीतले गडी विचारायचे, "काय रे डेल्मर, ते तूच ना?" त्याने नाही म्हटलं की त्यांना तो थट्टा करतोय असं वाटायचं. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. चेस्टर अव्हेन्यूवरच्या गिटारींच्या दुकानात काचेवर रंगाने लिहिलं होतं: केसलर पद्धतीने बटणांची पट्टी उलटी बसवून मिळेल. डेल्मर त्या रस्त्याने जायचा बंद झाला.

लॉनी गेल्यावर 'क्लोव्हर लीफ'चा बँड मोडला होता. वर्षभराने मालकाने फ्रेस्नोहून डॅरिल फॉक्स नावाचा एक गाणारा आणला. विशीतला, केसांना तेल चोपडलेला, पण वागायला वाईट नव्हता. त्याला गिटारवाला हवा होता. डेल्मर जाणार नव्हता. ओलेटानेच त्याला ढकललं. "घरात बसून भिंतीला वाजवून दाखवतोस, त्यापेक्षा माणसांना दाखव," ती म्हणाली.

दुपारच्या वेळी रिकाम्या बारमध्ये, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असताना, त्याने गिटार काढली. डॅरिलने पट्टीकडे बघितलं आणि तो खूश झाला.

"अरे वा काका, तुम्हीपण केसलर करून घेतलंय. बटण जरा मोठं आहे, पण चालेल. कुणाकडून केलं?"

"घरीच," डेल्मर म्हणाला.

"मग तेच गाणं घेऊ. रोज मागतात लोक."

वाजवायला सुरुवात केल्यावर डेल्मरला वाटलं, आता कळेल याला. वर्षभराचं सगळं त्याने त्या हुंदक्यात घातलं. संपल्यावर डॅरिलने मान डोलावली.

"छान आहे काका, जवळजवळ तसंच. फक्त एक सांगू? रागावू नका. केसलर शेवटचा सूर जरा उशिरा सोडतो. तुम्ही लवकर मिटता. रेकॉर्ड नीट लावून ऐका एकदा. तेवढं आलं की शनिवारपासून या."

डेल्मरला बरंच काही बोलता आलं असतं. पण सांगून मानलं असतं कुणी? बारमध्ये बसलेला प्रत्येक तिसरा माणूस कुठलं तरी गाणं आपल्याकडून चोरीला गेल्याचं सांगत असतोच. त्यातला आणखी एक होण्यापेक्षा त्याने मान हलवली.

"ऐकतो," तो म्हणाला.

रविवारी ओलेटा चर्चहून येऊन मागच्या स्वयंपाकघरात कोंबडी तळत होती. डेल्मरने पुढच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि कोटाखाली लपवून आणलेली रेकॉर्ड ग्रामोफोनवर अगदी बारीक आवाजात लावली. पहिल्यांदाच त्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. पोरगा खरं बोलत होता. केसलर शेवटचा सूर धरून ठेवत होता. आता मिटेल, आता मिटेल असं वाटायचं, आणि मग कुठे तो मिटायचा. डेल्मरला हे कधी सुचलंच नव्हतं. ते जास्त चांगलं होतं. चोरीचं दुःख त्याने वर्षभर कसंबसं पचवलं होतं. हे पचेना.

तरी त्याने गिटार घेतली. शनिवारी वाजवायचं तर होतंच. सुई पुन्हा मागे नेऊन ठेवली, ऐकलं, वाजवलं. करंगळी जुन्या सवयीने लवकर मिटत होती, तिला तो परत परत वळण लावत राहिला. मग ग्रामोफोन बंद करून त्याने एकट्यानेच वाजवलं. शेवटचा सूर धरला, धरून ठेवला, आणि अगदी केसलरच्या जागी सोडला.

स्वयंपाकघरात झारा आपटल्याचा आवाज आला.

"डेल्मर," ओलेटा ओरडली, "काय सांगितलं होतं मी? ती मेली रेकॉर्ड माझ्या घरात लावायची नाही. बंद कर आधी."

"केली," डेल्मर म्हणाला, आणि त्याने गिटार पेटीत ठेवली.