वकिलावरचे आरोप

“घरात सगळे मऊ, म्हणून शेफारलाय हा,” मुलगी पुटपुटत होती. दाराशी उकिडवी बसून ती कुत्र्याचे पाय पुसत होती आणि प्रत्येक पायामागे एक गुन्हा नोंदवत होती. “बाबांना ओढतो. भलतीकडे नेतो. वर चिखल घरात आणतो.”

स्वयंपाकघराच्या दाराआड आई ओला कप हातात घेऊन उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण ती काही बोलली नाही. कुत्राही बोलला नाही. त्याचं नाव वकील. पिल्लू असताना तो झाडूला, पोस्टमनला, भिंतीवरच्या उन्हालासुद्धा हरकत घ्यायचा, म्हणून ते नाव पडलं. आता नऊ वर्षांचा झाला होता आणि स्वतःवरच्या आरोपांना त्याच्याकडे उत्तर एकच: मुकाट्यानं चौथा पाय पुढे करणं.

आरोप तरी किती! मागच्या महिन्यात आईचा नवरा वकिलाला घेऊन नदीकाठी फिरायला गेला तो तीन तास उशिरा परतला, बाहीला काटे, एक बूट ओला. ठरलं काय, तर कुत्र्यानं सशामागे ओढलं. त्याआधी पुलाच्या अलीकडे वळायचं ते पलीकडे वळणं झालं. कुत्र्यानं घोटाळा केला. चष्मा टेकडीवर राहिला, तोही कुत्र्याच्याच माथी. जणू वाचायला त्यालाच लागत होता.

नवऱ्याला अख्खं गाव मोजणीदार म्हणे. जन्मभर त्यानं लोकांच्या जमिनी मोजल्या, भावाभावांच्या बांधांवर उभं राहून “हद्द इथे” असं सांगितलं, आणि लोकांनी ते ऐकलं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून वकिलाला घेऊन नदीकाठच्या आणि टेकडीवरच्या रानातल्या वाटा मोजायला लागला. त्यातून ‘कुत्र्यासह पायी’ ही पुस्तिका झाली. बावीस वाटा, एका पानावर एक. किती पावलं, किती फाटकं, कुत्र्याला मोकळं कुठे सोडावं, मेंढ्या चरतात तिथे पट्टा कुठे लावावा, पाणी कुठल्या डोहाला खाली उतरून पाजता येतं. एक आवृत्ती संपली, दुसरी संपत आली. रविवारी लोक ती खिशात घालून निघायचे आणि त्यांची कुत्री त्यांच्यापेक्षा आनंदात परत यायची.

तिसरी आवृत्ती निघायच्या आत मोजणीदारानं उरलेल्या प्रतींत चौदाव्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी छापून चिकटवली. उजवीकडच्या जागी डावीकडे. पंधरा दिवसांत एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं पत्र आलं: ‘आपल्या दुरुस्तीप्रमाणे चालत मी दोन कुत्री व एक सासू यांच्यासह दगडाच्या खाणीशी पोचले. तिघांपैकी कोणीही माझ्याशी नीट बोलत नाही.’ आई चार दिवस त्या बाईवर धुमसत होती. शाळा चालवली म्हणे, आणि डावं-उजवं कळत नाही. पाचव्या दिवशी तिनं ते पत्र टॉवेलांच्या घडीखाली सारलं. नवऱ्याला दाखवलं नाही.

“दिराशी बोलणं झालंय माझं,” मुलगी हात पुसत आत आली. “त्याच्या रोपवाटिकेला चारी बाजूंनी कुंपण आहे. संध्याकाळी घेऊन जाते याला. तिथे राखणीला राहील.”

“राखणीला,” आई म्हणाली. “नऊ वर्षं पलंगाखाली झोपलेला जीव, तो आता रोपांची राखण करणार.”

“आई, बाबा पडले-बिडले तर?”

“मग त्यांना ठेव रोपवाटिकेत.”

मुलगी हसली नाही. आईलाही ते थट्टेत म्हटल्यासारखं वाटलं नाही.

“चौदाव्या पानाचं प्रूफ उद्या छापखान्यात द्यायचंय,” आई म्हणाली. “आधी ती वाट चालून येऊ, तिघं. कोण कुणाला ओढतं ते तुझ्या डोळ्यांनी बघ. मग कुठे न्यायचं ते ने.”

नदी संथ होती. मोजणीदार पुढे, त्याच्या हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला वकील. मायलेकी मागे. आई त्या पट्ट्याकडे बघत होती. पूर्ण रस्ताभर तो सैल होता, वाळत घातलेल्या दोरीसारखा मधोमध लोंबत होता. मेंढ्यांजवळून जातानाही ताणला गेला नाही. हाच का तो ओढणारा, असं लेकीला दंडाला धरून विचारावं असं तिला दहादा वाटलं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, म्हणून तिनं विचारलं नाही.

नदी वळते तिथे वाट फुटते. वकील उजवीकडच्या, रानात चढणाऱ्या वाटेवर चार पावलं गेला आणि मागे वळून थांबला. मोजणीदारानं प्रूफ काढलं, उलटं धरलं, सुलटं केलं.

“डावीकडे,” तो म्हणाला. बांधावर उभं राहून बोलायचा तोच आवाज.

वकील परत आला आणि त्याच्या मागून चालायला लागला.

चारशे पावलांवर तारेचं कुंपण आलं. पलीकडे खाण, तळाशी पिवळं पाणी, काठावर एक गंजलेलं यंत्र. त्याच्या पोटातून वाढून वर आलेलं झाड माणसापेक्षा उंच झालं होतं.

“ही इथे नव्हती,” मोजणीदार म्हणाला.

मुलगी त्या झाडाकडे बघत राहिली. लहानपणी याच खाणीत दगड टाकताना तिनं बापाचा मार खाल्ला होता. मग ती घाईघाईनं म्हणाली, “बघितलंस आई? यानंच परत बाबांना...” तिनं पट्ट्यासाठी हात पुढे केला.

आणि मोजणीदार तिला पट्टा देऊ लागला.

तेव्हा मात्र आईच्या अंगाचा तिळपापड झाला. देतोय हा. मुक्या जिवाच्या गळ्यात आपलं ओझं अडकवून मोकळा होतोय. आणि लेक घेतेय, सगळं दिसत असून घेतेय. पण सगळ्यांत जास्त राग तिला आला तो स्वतःचाच. ओल्या बुटानं नवरा दारात आला, त्या दिवशी कुणी काही विचारायच्या आत, कुंपणावरून शेजारणीला तिनंच सांगितलं होतं: कुत्र्यानं ओढलं. बाकीच्यांनी फक्त री ओढली.

“पट्टा सैल होता,” ती म्हणाली.

“काय?”

“घरापासून इथपर्यंत सैल होता. मी मागून बघतेय. तो उजवीकडे जाऊन थांबला होता. कुत्रा चुकलेला नाही.”

“मग कोण चुकलं?” मुलीनं विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिचा चेहरा उतरला.

खाली पाण्यात एक खडा घरंगळत गेला.

मोजणीदारानं पट्टा मागे घेतला. मनगटाला एक वेढा दिला, मग दुसरा.

“मी,” तो म्हणाला. “आणि आजच नाही. वाटा निघून चालल्यात माझ्या डोक्यातून, एकेक करून. घरी मला हा आणतो.”