बँजोच्या बॅटरीवर बांधाची मोजणी

लग्नाच्या दिवशी नवरीनं खोलीत मान खाली घालून बसावं म्हणतेत. मी ऐन उन्हात, हळदीच्या पिवळ्या साडीत, कपाळाला मुंडावळ्या बांधून आबाच्या, म्हणजे मपल्या बापाच्या, शेतात उभी व्हते. हातात जीपीएसचं मशीन. अन् मशीन मेलेलं!

ह्या सगळ्याला कारण मपले मामा. दिनकरमामा, मायचे सख्खे थोरले भाऊ. मायचं माहेर अन् सासर एकाच गावात, पिंगळीच्या अलीकडं, अन् वरून शेताला शेत लागून. मधी एक बांध. नांगरताना आबाच्या ट्रॅक्टरनं तो बांध दीड हात कोरला, असं मामाचं म्हणणं. बांध व्हता तिथंच हाय, असं आबाचं म्हणणं. दोन वर्सं झाली, दोघं एकमेकाकडं बघून थुंकत बी न्हाईत. अन् हळदीच्या दिवशी मामाचा निरोप आला, "मोजणी झाल्याबिगर मांडवात पाय ठेवणार न्हाई."

आता सांगा! मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मला एकच मामा. ह्याच मामानं मला खांद्यावर बसवून परभणीचा उरूस दाखवला, पाळण्यात मी ओकले तर आपल्या धोतरानं तोंड पुसलं, अन् आता दीड हात मातीपायी मला बिनमामाची उभी करायला निघाला. माय रडायली. आबा म्हणायले, "नको येऊ म्हणावं, आमचं काय अडलंय?" मला रडू आलं न्हाई. मला लय राग आला.

मी बियाण्याच्या एका कंपनीसाठी प्लॉट मोजत हिंडते. शेताच्या चारी कोपऱ्यांवर मशीन धरायचं, की किती रान हाय ते निघतं. म्हणून सकाळीच मी मामाच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मामा, मीच मोजते. पण आधीच सांगते, ह्या मशीनची तीन मीटर इकडं-तिकडं चूक असती. तुमचं भांडण दीड हाताचं."

"ते आभाळातून बघतंय ना?"

"हां, उपग्रहावरून."

"मग झालं. आभाळात कुणी तुपल्या आबाचा सोयरा न्हाई. मोज."

"मोबाइलवर मोजते की मग."

"मोबाइलवर तुपला आबा पत्ते खेळतो. मशीनच पाहिजे."

झालं! शेतात मी, मागं आबा, त्यांच्यापासून लांब मामा, अन् बघायला अर्धं गाव. पहिला कोपरा झाला अन् मशीन टुंय करून बंद पडलं. उन्हानं आतली बॅटरी फुगली व्हती. ती बॅटरी कंपनीतूनच आत बसवून येती, सेल काढून दुसरे टाकायची सोय न्हाई. बाहेरून वायर लावून करंट देत राहिलं तरच मशीन जितं राहणार. गावात लाईट गेलेली. माझी पॉवर बँक चुलत बहीण मनिषानं रील काढू-काढू रिकामी करून ठेवलेली. तिच्या वेणीतला गजरा उपटावा वाटला मला.

आबा म्हनले, "ट्रॅक्टर आणतो. त्याच्या बॅटरीवर लाव."

मामा लांबूनच वरडले, "त्याच ट्रॅक्टरनं बांध कोरला! तो आला तर मी चाललो घरी!"

तेवढ्यात रस्त्यानं लग्नात वाजवायला सांगितलेली योगीराजची बँजो पार्टी आली. गाड्यावर भोंगे, भोंग्याखाली ट्रकची जंगी बॅटरी, अन् तिच्यावर पोरांचे मोबाइल चार्ज करायला एक सॉकेट. मी मुंडावळ्या मागं टाकल्या अन् साडी खोचून पळतच रस्ता गाठला.

"योगीराजदादा, गाडा शेतात घ्या!"

योगीराजनं माझ्या हळदीकडं बघितलं, मग शेताकडं. "घेतो की. पण ताई, सॉकेटला करंट सोडायचा तर भोंगेबी सुरू करावे लागतेत. अन् भोंगे सुरू असताना हात बांधून उभं राहणं आमच्या पोरांना जमत न्हाई."

"मग वाजवा!"

वायर लावली. मशीननं डोळे उघडले अन् विचारलं, कॉम्प्युटरला जोडू का? न्हाई रे बाबा, कशालाच जोडू नको, नुसता जिता राहा! मी न्हाईचं बटण दाबलं अन् नकाशा उगवला, नशिबानं पहिला कोपरा शाबूत. बँजो सुरू झाला. वायर हातभराची, म्हणून मी गाड्याला चिकटून चालायले, चार जण गाडा ढकलायले, ढोलकीवाला ढेकळं चुकवत उड्या मारायला, अन् मागून बायका, लेकरं, दोन कुत्री. दुसऱ्या कोपऱ्यावर मशीन स्थिर धरून मी उभी, अन् माझ्याभवती सगळं गाव नाचायलंय. मनिषा बिनलाजी पुन्हा रील काढायली. मला इतकं हसू यायलं की मशीन हातात थरथरायलं. मामाकडं चोरून बघितलं तर तोंड एरंडेल प्यायल्यावानी, पण पायाचा अंगठा ठेक्यावर हलायला!

तिसरा कोपरा नेमका त्या भांडणाच्या बांधावर. तिथं गाड्याचं चाक जमिनीच्या भेगेत असं रुतलं की हलंना. योगीराजनं बॅटरीच सोडवून खाली घेतली अन् सॉकेट सरळ तिलाच जोडलं. "उचलून न्यावी लागंल. कुणीतरी ताईच्या मागं-मागं चाला."

आबा पुढं झाले. त्याबरोबर मामा कडाडले, "दाजी, तुमी हात लावू नका! मुद्दाम वाकडं चालताल!"

दोन वर्सांत मामा आबाला पहिल्यांदा बोलले. मायनं पदर तोंडाला लावला. मामानं उपरणं खांद्यावर घडी करून ठेवलं अन् ती बॅटरी स्वतः उचलली.

आबानं बांधाकडं बघत म्हनलं, "कंबर सांभाळा."

"मपली कंबर मी बघतो."

मी पुढं, हातभर वायर, मागं मामा. तिसरा कोपरा धरला. भोंगे मुके झाले तर पोरांनी नुसती ढोलकी अन् झांजा बडवायला सुरुवात केली. अन् नेमकी तवाच वऱ्हाडाची गाडी रस्त्यावर आली. त्यांनी लांबून काय बघितलं? मुंडावळ्या बांधलेली नवरी निश्चल उभी, पाठीशी मामा, भवती माणसं, अन् वाजंत्री टिपेला.

नवरदेवाच्या, गोपाळच्या, आत्या सुलाबाईंनी गाडीतूनच हंबरडा फोडला, "अगं माय माय! लगीन लागलं की! नवरदेवाबिगर!"

गाडी थांबायच्या आत नवरदेवानं उडी मारली. फेटा हातात धरून गोपाळ ढेकळातून असा पळत आला, वाटंत एक चप्पल राहिली, तरी थांबला न्हाई. "वैष्णवी! मी आलो न्हाई तर... लागलंच कसं? कुणासंग लागलं?"

"बांधासंग!" मी म्हनले, अन् हसू-हसू माझ्या डोळ्यातून पाणी यायलं. सुलाबाईंना वाटलं मी रडायली. त्यांनी मला गच्च मिठी मारली, "रडू नको माय, पुन्हा लावू!" सगळं वऱ्हाड हसायलं. गोपाळ बिचारा एका चपलीवर उभा राहून त्यातच हसायला.

मिठीतून सुटले अन् मशीन बघितलं. स्क्रीन काळी. वायरची पिन निसटून खाली लोंबायली. धरलेले कोपरे गेले की राहिले, देव जाणे. मोजणी न्हाई तर मामा न्हाई. मुहूर्त डोक्यावर आलेला. आता खांद्यावरचं वझं खाली ठेवून हा माणूस घरी निघून जाणार, अन् मी कुणाच्या जिवावर उभी राहणार?

मी मशीन पदराआड घेतलं. "मामा, चौथा कोपरा राहिलाय. तो मांडवापाशी हाय. थकलाव का?"

"चाल."

मी चालायले. मागं वळून बघायची हिंमत झाली न्हाई. नुसता मामाचा श्वास ऐकू यायला, जड, लोहाराच्या भात्यावानी. ढोलकी पुढं गेली, गोपाळला चप्पल सापडली, भटजी मांडवातून हात हलवून बोलवायले. चौथा कोपरा आला, तिथं मी थांबले न्हाई. मामाबी थांबले न्हाईत.

मांडवाच्या पायरीपाशी मात्र मला राहवलं न्हाई. मी वळले. "मामा, मशीन तर..."

मामाचा चेहरा घामानं निथळायला. बॅटरी अजून खांद्यावरच.

"पिन त्या आत्याबाईनं मिठी मारली तवाच निसटली," मामा म्हनले. "मपल्या नाकापुढंच लोंबायली व्हती. चढ वर, मी हाय मागं."