निवडुंगाला पाणी कोण घालतं

बायको गेली तेव्हा तिच्या हातची एकच जिवंत गोष्ट घरात उरली. खिडकीतला निवडुंग. लिंबाएवढा गोळा, अंगभर पांढरे काटे, आणि मातीची एवढीशी कुंडी. तिचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या रोपवाल्याकडून तिने तो आणला. याला पाणी जवळजवळ लागतच नाही, असं रोपवाला म्हणाला. मग हा माझ्याच घरचा, असं म्हणून तिने तो उचलला.

तिलाही पाणी मोजून होतं. किडन्या गेल्यावर डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं आणि ते मोजून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी गवंडी. जन्मभर भिंती बांधल्या. नव्या भिंतीला आठवडाभर पाणी मारावं लागतं, नाहीतर तिच्यात जोर येत नाही. त्यावरून ती मला टोमणे मारायची.

"भिंतीला आठवडाभर पोटभर पाजता, आणि बायकोला वाटीभर."

मी म्हणायचो, पुरे आता. ती वाटी खाली ठेवायची. कधी हसून, कधी न हसता. ठेवायची मात्र लगेच.

निवडुंगाचं सगळं तीच बघायची. मातीत पहिलं बोट पेराएवढं खुपसायची. बोटाला माती चिकटली तर पाणी नाही. कोरडं बाहेर आलं तर बशीत थोडं पाणी घालून कुंडी त्यात ठेवायची, म्हणजे झाड खालून लागेल तेवढं पितं. डोक्यावर पाणी घालायचं नाही. थंडीत तर पाणी तोडूनच टाकायचं, मग उन्हाळ्याच्या तोंडाला फूल येतं, असं रोपवाल्याने तिला सांगितलं होतं. एकदा आलंही होतं. गुलाबी फुलांचं कडं, टोपीसारखं.

ती गेली थंडीच्या सुरुवातीला. लेक काही दिवस राहून आपल्या घरी गेली. जाताना तिने बजावलं, बाबा, आईच्या झाडाला पाणी घालू नका, थंडी आहे. मी घालणार नव्हतोच. मला तेवढं एक झाड जगवायचं होतं, बाकी काही सुचत नव्हतं.

एका संध्याकाळी बाजारातून आलो आणि सहज कुंडीला हात लावला. माती ओली होती.

मला वाटलं, खिडकीतून दव पडलं असेल. खिडकी बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारची झोप काढून उठलो, माती पुन्हा ओली. बशीतही थोडं पाणी. मी वर बघितलं. ओल कुठून येते हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं. हाताची मागची बाजू भिंतीला लावली की ओल कळते. छत पाहिलं, चौकट पाहिली, खिडकीचा कठडा पाहिला. सगळं खडखडीत. कुंडी तेवढी ओली.

शेजारच्या वहिनींकडे आमच्या घराची एक किल्ली असते. त्यांना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझा स्वतःचा मनीप्लांट वाळून काड्या झालाय. तुमच्या काट्यांना पाणी पाजायला मी येते होय?" मी हसलो आणि किल्ली परत मागून घेतली. त्यांना राग आला असावा.

मग राहिलो मी. म्हातारपणी माणूस करतो आणि विसरतो. झोपेत उठून मीच घालत असेन, असं धरून चाललो. खात्री करायला मी मला येत होतं ते केलं. जुन्या पिशवीत मूठभर सिमेंट शिल्लक होतं. ते चाळून मातीवर झाडाभोवती बोटभर जाड पसरलं. कोरडं राहिलं तर पीठ राहील. पाणी पडलं तर धरेल. मग दाराला कुलूप लावून लेकीकडे गेलो. दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात होत्या.

दिवसभर तिकडे बसलो. जेवलो, नातवाला गोष्ट सांगितली, जावयाने काय काय विचारलं त्याला हो हो केलं. संध्याकाळी कुलूप उघडून आधी खिडकीशी गेलो.

सिमेंट धरलं होतं. घट्ट, करडं, चांगलं पाणी मिळालेलं. आणि झाडाच्या उजव्या हाताला त्यात एक भोक होतं. बोट खुपसून पाहिल्यासारखं. पेराएवढं खोल.

मी माझं पहिलं बोट लावून पाहिलं. शिरेना. माझी बोटं विटा उचलून जाड झालेली. करंगळी तेवढी गेली, तीही घासून. भोकाच्या आत सिमेंटवर बोटाच्या रेषा उमटल्या होत्या. ओल्या गिलाव्यावर कुणाचा हात पडला की उमटतात तशा. मी करंगळी बाहेर काढली नाही. खिडकीशी तसाच उभा राहिलो. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

भीती वाटली का? वाटली. मानेवरचे केस उभे राहिले. पण त्या भीतीच्या आत दुसरं काहीतरी होतं, ते सांगायला मला शब्द येत नाहीत. इतके दिवस घर रिकामं होतं, आता ते रिकामं नव्हतं. मी चहा केला आणि खिडकीशी खुर्ची नेऊन प्यालो.

त्यानंतर मी भोकात करंगळी घालून माती तपासायला लागलो ती आशेने. दुपारी मुद्दाम झोपायचो. उठलो की आधी कुंडी. ओली असली की दिवस बरा जायचा.

पण झाडाला ते सोसत नव्हतं. बुडाशी पिवळं पडलं, मग तपकिरी. दाबलं की मऊ लागे, आणि जवळ गेलं की सडक्या बटाट्याचा वास. कुंडी घेऊन मी रोपवाल्याकडे गेलो. त्याने वरून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, झाड लावलंत की खांब उभा केलात?"

सिमेंट माझंच, हे मी सांगितलं. त्याने हळूहळू ठोकून ते फोडलं, झाड उपटलं, सडलेलं कापलं, राख लावली आणि कोरड्या रेतीत नवं बसवून दिलं. म्हणाला, आता उन्हाळ्यापर्यंत थेंबही नको. यापुढे एकदा जरी पाणी लागलं तर आशा सोडा. पाणी घालणारा जो कोणी असेल त्याला आवरा.

फुटलेल्या सिमेंटमधला भोकाचा तुकडा मी मागून घेतला नाही. त्याच्यादेखत कसा मागणार.

घरी येऊन कुंडी समोर ठेवली आणि बसलो. काय करायचं ते कळत होतं. मोठ्याने सांगायचं, पुरे आता. ती ऐकायची. जिवंत असताना एकदाही तिने तो शब्द मोडला नव्हता. सांगितलं असतं तर थांबली असती, झाड वाचलं असतं, आणि ती पुन्हा आली नसती.

तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आला. आयुष्याच्या शेवटी शेवटी मी तिच्याशी सगळ्यात जास्त वेळा तोच शब्द बोललो होतो. आता तो पुन्हा माझ्याने बोलवला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला बोलावून झाड तिच्या हवाली केलं. माझ्याकडून जास्त पाणी पडतं, असं सांगितलं. तिने मला नीट निरखून पाहिलं. बाबा, तुम्हीच चला ना तिकडे, म्हणाली. मी म्हटलं, बघू.

मग वाट पाहिली. लेकीला फोन करून मी माती कशी आहे ते विचारायचो. कोरडी, बाबा, ठणठणीत कोरडी. दर वेळी तेच. म्हणजे तिची आई झाडापाठोपाठ तिकडे गेली नव्हती. इकडे खिडकीचा कठडाही कोरडाच. बशी ठेवून पाहिली, तीही कोरडी. मी झाड वाचवलं आणि तिला घालवलं, असं धरून मी काही दिवस काढले. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

एका दुपारी झोपून उठलो तर ओठ ओले होते.

लाळ असेल म्हणून पुसले. दुसऱ्या दुपारी उशी ओली होती, हनुवटीपासून मानेपर्यंत ओघळ गेलेला. पाणी गार होतं, माठातल्यासारखं. खालच्या ओठावर मध्यभागी काहीतरी टेकवून उचलल्यासारखं वाटत होतं. ओठ कोरडा आहे की ओला, ते आधी तपासावं तसं.

आता ते रोजचं झालं आहे. आधी थेंब असायचे. नंतर चूळभर. काल ठसका लागून जाग आली, छातीत पाणी गेलं होतं. बराच वेळ खोकत बसलो. घरात कुणी नव्हतं, दाराला आतून कडी होती.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. निवडुंगाला कळी आली म्हणाली, एक नाही, कडंभर. इतक्या लवकर येईल असं रोपवाल्यालाही वाटलं नव्हतं. आवाजात आनंद होता, मग थांबली. खोकता का एवढं, विचारलं. हवा बदलली आहे, म्हटलं. औषध घेतलं का, विचारलं. घेतो म्हटलं. फुलं बघायला येता ना, म्हणाली. येतो म्हटलं.

फोन ठेवला. उशी उलटी करून कोरडी बाजू वर घेतली. एक शब्द बोललो की थांबेल, हे मला माहीत आहे. पण तिची तहान मी पाहिली आहे, आणि आता ती मला तहानलेला समजते आहे. तिला अडवायला माझी जीभ वळत नाही.

आज जेवण झालं. खिडकी लोटली, कडी घातली. उताणा झोपलो, तोंड थोडं उघडं ठेवून.