बिनदाराची मूठ

मूठ पितळेची. सासूबाईंनी आज पुन्हा घासून ठेवलेली, म्हणून खिडकीतला उजेड नेमका तिच्यावर पडून डोळ्यांत खुपत होता. दाराची मूठ... आणि ज्या दाराची, ते दार अजून कुठेतरी झाड म्हणून उभं असेल. जागा घेतली त्याच आठवड्यात नवऱ्याने ती हौसेने आणली, आणि तेव्हापासून तिला एकच काम – घराचा नकाशा उडू नये म्हणून त्याच्यावर बसून राहायचं.

"तूच सांग त्या ठेकेदाराला," बुटाची नाडी आवळत नवरा म्हणाला. "दुपारी फोन करेल. तुझा नंबर दिलाय मी. बांधायचं तर बांधू, थांबायचं तर थांबू. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं! इतकी वर्षं हा माणूस 'थोडं थांबू या' म्हणत आला. सिमेंटचा भाव उतरू दे, धाकट्या भावाचं ठरू दे, मुलीची परीक्षा होऊ दे, समोरचा रस्ता रुंद होतोय का ते कळू दे – नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, आणि प्रत्येक विघ्नाला आमंत्रण यानेच धाडलेलं. आता ठेकेदाराची माणसं मोकळी झालीत, आज होकार गेला नाही तर ती मोठ्या कामावर जातील आणि पुढची दोन वर्षं फिरकणार नाहीत. मग आजच याला आठवलं की घरात बायकोही आहे.

"आणि भिंतीला तडा गेला की?"

"अगं, तडा कशाला जाईल?"

"गेला तर म्हणाल, हिनेच घाई केली."

"सकाळी सकाळी भांडायला बसतेस बघ तू."

बसतेस! ती उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात सासूबाईंची गोळी, आणि तरी बसतेस.

आतून सासूबाई म्हणाल्या, "लवकर काय ते ठरवा रे. मला या जिन्यावरून खाली न्यायला सध्या दोघे पुरतील. पुढे चौघे लागतील." आणि स्वतःच हसल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेल्या नाहीत. नकाशात त्यांची खोली पुढच्या बाजूला, पायरी नसलेली, रस्त्यावर खिडकी असलेली. त्या खिडकीपायीच तर... नवरा हसला नाही. 'आई, तू पण ना' म्हणाला आणि गेला. चपळाईने गेला.

तिने मूठ उचलली आणि पर्समध्ये टाकली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. उडू दे नकाशा. वेळ बघायला खाली वाकली – घड्याळ जमिनीवर, कपाटाला टेकून. भाड्याच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, नव्या घरात ठोकू, हा त्याचा नियम. या घरात वेळसुद्धा वाकून बघावी लागते, आणि इतकी वर्षं मी वाकले, आणि एकदाही हातोडी घेतली नाही... का नाही घेतली?

ती कामाला जाते त्या कवळ्या बनवण्याच्या कार्यशाळेत राग उपयोगाचा नसतो. रबराच्या वाटीत प्लास्टर घ्यायचं, पाणी घालायचं, घोटायचं आणि घट्ट व्हायच्या आत कुणाच्या तरी हिरड्यांच्या ठशात ओतायचं. प्लास्टर थांबत नाही. भिजत घोंगडं त्याला माहीत नाही. पण आज ती वाटी हातात धरून घरच्या कपाटाला टेकलेल्या घड्याळाकडे बघत राहिली – इथून, इतक्या लांबून – आणि वाटीतलं घट्ट झालं, तेव्हा तिने वरून पाणी घातलं. नवशिक्यांनाही पहिल्या दिवशी सांगतात, ते करू नये. मऊ होतं, ओतताही येतं. फक्त नंतर नखाने भुगा पडतो.

"कोणावर राग काढताय एवढा?" पलीकडच्या टेबलावरून बत्तिशीने विचारलं. सदा हसणारा म्हणून कार्यशाळेने त्याचं नाव बत्तिशी ठेवलेलं. "पेशंटवर असेल तर सांगा, कवळी थोडी टोचेल अशी करतो."

"तुम्ही तुमचे दात बघा."

"यातले कुठलेच माझे नाहीत हो."

तिने ती वाटी टाकून दिली, दुसरं प्लास्टर घोटलं, नीट ओतलं, आणि ठसा तळहातावर घेऊन उभी राहिली. बांधा, असं सांगायचं. एकदाच, ठणकावून, त्याला आयुष्यभर ऐकू येईल असं. म्हणून तिने घर डोळ्यांपुढे आणलं, नकाशा तर पाठच होता – ही सासूबाईंची खोली, खिडकीशी त्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारताहेत. ही मुलीची, दार लावलेलं. हा वर धाकटे भाऊजी आले तर त्यांच्यासाठी राखलेला मजला. हा ओटा, हे नवऱ्याचं टेबल, त्याच्यावर आणखी कसले तरी नकाशे... आणि मी? ओट्याशी. दाराशी. सासूबाईंच्या पलंगाशी, गोळी घेऊन. ती पुन्हा दारातून आत शिरली, सगळ्या खोल्या फिरली. प्रत्येक खोलीत होती, प्रत्येक खोलीत उभी होती. टेकायला जागा सापडेना.

नकाशा त्याने काढला होता हे खरं. पण तिने तो किती वेळा पाहिला असेल! 'बांधा' म्हणून ओरडायचं, 'थांबू' म्हणून त्याने टोलवायचं, यातच सगळी वर्षं गेली. जिंकायचं होतं, बस्स. राहायचं कुणाला होतं?

फोन वाजला.

"वहिनी, साहेब म्हणाले, आता सगळं तुमच्या हातात," ठेकेदार म्हणाला. मागे लोखंड आपटल्याचा आवाज. "काय मग, पाया खणायचा ना?"

तिच्या डाव्या तळहातावर ठसा गरम व्हायला लागला होता – प्लास्टर घट्ट होताना आपोआप तापतं, तेवढंच. खांद्याने फोन दाबून तिने उजव्या हाताने पर्समध्ये मूठ चाचपली. गार होती. हाताला नीट बसत होती. खिडकीशी सासूबाई बसल्याच पाहिजेत, हे तिला माहीत होतं; चौघे लागायच्या आत. राग तर होताच, कमी मुळीच नव्हता. पण सकाळी तो बुटाची नाडी बांधणाऱ्या एका माणसाकडे सरळ बोट दाखवत होता, आणि आता ते बोट खोल्याखोल्यांतून हिंडत होतं, एक एक भिंत सरकवून बघत होतं.

"वहिनी? आवाज येतोय ना?"

"थांबा जरा," ती म्हणाली. आणि दचकली. तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता, आणि तो नवऱ्याचा वाटत नव्हता.

कोपऱ्यातलं स्टूल तिने पायाने जवळ ओढलं आणि बसली. ठसा अजून तापत होता.